‘चवथ होऊ दे, मग बघू’ : कर्करोगाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात स्तनातील गाठींविषयी लिहिल्यानंतर गोव्यातील सत्तरी तालुक्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. मी तीस वर्षे कर्करोग विभागात डॉक्टर म्हणून काम केले आणि नऊ वर्षांपूर्वी स्वतःच या आजाराची रुग्ण झाले, त्यामुळे काही उत्तरांत वैद्यकाबरोबर माझा अनुभवही येईल. औषधाचे प्रमाण आणि उपचारांचा क्रम मात्र ज्या डॉक्टरांनी रुग्णाला तपासले आहे, त्यांनीच ठरवायचा असतो.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. त्यांच्या उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. सुई लावून तुकडा तपासला, तेव्हा तो कर्करोग असल्याचे डॉक्टरांनी माझ्या यजमानांना सांगितले. घरात सर्वांनी मिळून ठरवले आहे की सासूबाईंना ‘साधी गाठ आहे’ एवढेच सांगायचे. स्तन काढावाच लागणार अशी त्यांना धास्ती आहे, आणि त्या म्हणतात, ‘चवथ होऊ दे, मग बघू.’ आमची चवथ (गणेशचतुर्थी) एकत्र कुटुंबाची असते आणि माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या रानफळा-फुलांच्या सजावटीचे, सगळे त्याच पाहतात. दिरांनी कुलदेवाला कौल लावायचे ठरवले आहे. चवथीला अजून सात आठवडे आहेत. तोवर थांबले तर चालेल का? सुई लावल्यामुळे आजार पसरतो असे शेजारी सांगतात, ते खरे आहे का?
– एक सून, वाळपई

उत्तर : सासूबाईंना साधी गाठ असल्याचे सांगितले आहे आणि तरीही स्तन काढावा लागेल ही धास्ती त्यांना आहे, असे तुम्ही लिहिता. साध्या गाठीसाठी कोणी स्तन काढत नाही, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. याचा अर्थ त्यांना कळून चुकले आहे. मात्र त्याविषयी मोकळेपणाने बोलता येईल असे माणूस घरात त्यांना उरलेले नाही.

माझा अहवाल आला त्या दिवशी, मी याच विषयातली डॉक्टर असूनही, एका रुग्णालयात तो माझ्याऐवजी माझ्या यजमानांच्या हाती दिला गेला आणि ‘त्यांना जरा सावकाश सांगा’ असा सल्लाही सोबत मिळाला. त्यांनी तीन दिवस काही सांगितले नाही. त्या तीन दिवसांत ते जेवताना मान वर करत नव्हते, माझी बहीण रोज फोन करून पावसापाण्याच्या गोष्टी बोलत होती, आणि मी रात्री जागी राहून वाईटात वाईट जे काही होऊ शकेल ते सगळे एकटीच मनात आणत होते. चौथ्या दिवशी आजाराचा टप्पा कळला, तेव्हा तो माझ्या कल्पनेपेक्षा पुष्कळ बरा निघाला. घरच्यांनी जे केले ते मायेपोटीच केले, हे मी जाणते; तरी त्या तीन रात्री आठवल्या की आजही जीव गुदमरतो.

म्हणून सांगते, त्यांना सांगा. सगळ्या घरादारासमोर सांगू नका. त्यांचा ज्या माणसावर सर्वांत जास्त विश्वास आहे, त्याने एकांतात बसून आधी एवढेच विचारावे : ‘डॉक्टरांनी जे सांगितले ते सगळे तुम्हाला ऐकायचे आहे, की त्याची काळजी आम्ही वाहावी असे तुम्हाला वाटते?’ काही रुग्ण खरोखरच ‘तुम्हीच बघा’ म्हणतात आणि तसे म्हणण्याचा त्यांना हक्क आहे. पण तो निर्णय त्यांचा असावा, त्यांच्या वतीने दिरांनी किंवा मुलांनी घेतलेला नसावा. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही त्यांनाच करायची आहे, आणि केमोथेरपी द्यावी लागली तर केस गळू लागल्यावर ‘साधी गाठ’ ही सबब एक दिवससुद्धा टिकणार नाही.

स्तन काढावाच लागतो ही समजूत एका काळी खरी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली आणि पुढची सुमारे सत्तर-ऐंशी वर्षे जगभर तीच योग्य मानली गेली. नंतर मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी ७०१ आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १,८५१ स्त्रियांवरील अभ्यासात संपूर्ण स्तन काढणे आणि केवळ गाठ काढून टाकणे यांची तुलना केली. दोन्ही अभ्यासांचे वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले : गाठ काढून वर रेडिएशन दिलेल्या स्त्रिया, स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगल्या. गाठ फार मोठी असेल, स्तनात अनेक ठिकाणी असेल किंवा रेडिएशन देणे शक्य नसेल, तर आजही स्तन काढावा लागतो. सासूबाईंच्या बाबतीत काय शक्य आहे, हे डॉक्टरांना त्यांच्यादेखत विचारा. त्यांची निम्मी धास्ती कदाचित तेथेच कमी होईल.

आता थांबण्याविषयी. गाठ कोणत्या औषधांना दाद देईल हे सांगणाऱ्या हार्मोन आणि ‘हर-टू’ (एक प्रथिन) यांच्या तपासण्यांचे अहवाल येण्यासाठी, गरज असल्यास स्कॅनसाठी आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी जे दोन-तीन आठवडे जातात, ते वाया गेले असे समजू नये. नुसते वाट पाहण्यात गेलेले सात आठवडे मात्र महागात पडतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की कर्करोगाची शस्त्रक्रिया दर चार आठवड्यांनी लांबली की मृत्यूचा धोका सुमारे सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो.

चवथीवर पाणी सोडा असे मात्र मी म्हणणार नाही. शस्त्रक्रिया आधी ठरली आणि ती येत्या दोन-तीन आठवड्यांत झाली, तर चवथीपर्यंत जखम बहुधा भरलेली असेल. काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताने जड काही उचलायचे नसते. तेव्हा माटोळी बांधायला आणि रानातले सामान आणायला मुले-नातवंडे जातील, कोणते फळ कुठे बांधायचे ते सासूबाई खुर्चीत बसून सांगतील. केमोथेरपी आधी ठरली, तर तिच्या फेऱ्या बहुतेक वेळा २१ दिवसांच्या अंतराने असतात आणि रक्तातील जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत कमी होतात. सणाची तारीख डॉक्टरांना आधीच सांगा, म्हणजे गर्दीचे दिवस तिसऱ्या आठवड्यात येतील असे वेळापत्रक बसवता येते का, ते त्यांना पाहता येईल. केमोथेरपीच्या काळात ताप १००.४ फॅरेनहाइटवर गेला, तर सकाळची वाट पाहू नका. ताप उतरवणारी गोळी देऊन तो झाकूही नका. वाळपईहून रात्री कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या वाहनाने जायचे, हे आजच ठरवून ठेवा. पेशी कमी असताना होणारा जंतुसंसर्ग काही तासांत बळावतो.

कौल लावण्याला माझा विरोध नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या सोमवारी मीही आमच्या देवळात कौलप्रसाद घेतला होता. दिरांना एवढेच सांगा की ‘उपचार करू की नको’ हा प्रश्न देवापुढे न ठेवता, उपचारांना यश यावे म्हणून गाऱ्हाणे घालावे.

सुईमुळे स्तनाचा कर्करोग पसरतो ही भीती निराधार आहे. सुईच्या तपासणीशिवाय आजाराचा प्रकार कळत नाही आणि प्रकार कळल्याशिवाय योग्य औषध निवडता येत नाही. खर्चासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड चालू आहे ना, ते या आठवड्यातच पाहून घ्या.

प्रश्न : माझ्या पत्नीवर मुंबईला परळ येथे उपचार चालू आहेत. तेथे तिला एका संशोधनात सहभागी होण्याविषयी विचारण्यात आले. दोन गट असतील आणि कोणाला कोणता उपचार मिळेल हे संगणक ठरवील, असे सांगितले. आमच्यावर प्रयोग होणार या विचाराने आम्ही दोघेही अस्वस्थ आहोत. नकार दिला तर उपचार बंद तर होणार नाहीत ना?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. नकार दिल्यामुळे उपचार बंद करता येत नाहीत, कमी करता येत नाहीत आणि नकाराचे कारण सांगण्याचीही सक्ती नसते. होकार दिल्यानंतरही कोणत्याही दिवशी बाहेर पडता येते.

तुमची अस्वस्थता मी समजू शकते. परंतु पत्नीला आज जे औषध मिळते आहे, ते तिच्याआधी कोणीतरी अशाच कागदावर सही केली म्हणून मिळते आहे, हेही ध्यानात घ्यावे. तुम्ही ज्या रुग्णालयात जाता ते टाटा रुग्णालय असेल, तर ते १९४१ मध्ये सुरू झाले, आणि त्याच्या समोरच्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे ते शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जिस मूळचे आपल्या गोव्याचेच. तेथील डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या एका अभ्यासाचे उदाहरण देते. स्तनाची शस्त्रक्रिया सुरू करण्यापूर्वी काही मिनिटे गाठीच्या सभोवती लिडोकेन टोचायचे, एवढाच त्यातील ‘प्रयोग’ होता. दात काढताना जागा बधिर करण्यासाठी वापरतात तेच हे स्वस्त आणि जुने औषध. देशातील ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांनी भाग घेतला. निम्म्यांना हे इंजेक्शन मिळाले, निम्म्यांची नेहमीप्रमाणे शस्त्रक्रिया झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांनी पहिल्या गटातील ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ८६.४ टक्के होते. कोणत्याही गटातल्या स्त्रीला नेहमीच्या उपचारापेक्षा कमी काही दिले गेले नव्हते.

संगणकाने गट ठरवण्याचे कारणही यातच आहे. डॉक्टरांनी गट ठरवले, तर त्यांच्याही नकळत धडधाकट रुग्ण नव्या उपचाराच्या गटात जातील आणि नवा उपचार आहे त्यापेक्षा चांगला दिसेल. चिठ्ठी टाकल्यासारखी निवड झाली, तरच फरक औषधामुळे पडला असे म्हणता येते. ‘एका गटाला नुसती साखरेची गोळी देतील’ ही शंकाही पुष्कळांना असते. परिणामकारक उपचार उपलब्ध असताना तो काढून घेऊन नुसती साखरेची गोळी देणे कर्करोगाच्या संशोधनात मान्य नाही; तुलना प्रचलित उपचाराशीच होते.

संशोधनात सगळे नेहमीच योग्य घडले, असा माझा दावा नाही. मराठवाड्यात उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केली, तरी आठ वर्षांत त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात, हे २००९ मध्ये त्यातून सिद्ध झाले आणि जगभरच्या स्त्रियांना त्याचा लाभ झाला. पण तपासलेल्या गटात ३४ मृत्यू झाले, तर जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न मिळालेल्या तुलनेच्या गटात ६४ झाले, आणि त्या गटाला तपासणीपासून दूर का ठेवले, यावर पुढे कठोर टीका झाली. मला ती टीका रास्त वाटते. त्या गावांतील स्त्रियांचे ऋण आपण मानतो, तर त्यांच्या वतीने विचारलेला प्रश्नही आपण मानला पाहिजे.

म्हणून सही करण्यापूर्वी विचारा. मी यात नसते, तर मला कोणता उपचार मिळाला असता? दुसऱ्या गटाला काय मिळणार आहे? मुंबईला जास्तीच्या किती फेऱ्या पडतील आणि त्यांचा खर्च कोण करील? अपाय झाला तर रात्री कोणाला फोन करायचा? २०१९ च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीत इजा झाल्यास वैद्यकीय उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत. चाचणीचा नोंदणी क्रमांकही मागून घ्या. आपल्या देशात औषधांच्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदणी २००९ पासून बंधनकारक आहे. माहितीपत्रक मराठीत किंवा कोंकणीत मागा, ते गोव्याला घेऊन या, आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून दोन दिवस विचार करा. चाचणी पहिल्याच टप्प्यातली असेल, तर औषध किती प्रमाणात सोसते एवढेच त्यात पाहिले जाते. तिच्याकडून रोग बरा होण्याची मोठी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : वडिलांना लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) आहे. औषधे सदाफुलीपासूनच बनतात, मग घरची पानेच का नकोत, असे म्हणून काका त्यांना रोज सकाळी रस देतात. लक्ष्मणफळाच्या पानांचा काढाही चालू आहे. डॉक्टर रागावतील म्हणून आम्ही त्यांना सांगितलेले नाही.
– एक मुलगा, पेडणे

उत्तर : तुमच्या काकांची माहिती अर्धी खरी आहे, म्हणूनच ती धोक्याची आहे. आपल्या अंगणात तुळशीवृंदावनाजवळ फुलणाऱ्या सदाफुलीत विन्क्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ही दोन द्रव्ये सापडली, आणि १९६० च्या दशकापासून ती लिम्फोमा व रक्ताच्या कर्करोगात वापरली जातात. तुमच्या वडिलांच्या सलाइनमध्ये कदाचित त्यांपैकी एक असेलही. पण ते द्रव्य पानात इतके नगण्य असते की ग्रॅमभर मिळवण्यासाठी शेकडो किलो सुकी पाने लागतात. उलट त्याच पानांत इतर अनेक अल्कलॉइडे असतात, ज्यांनी उलट्या होतात, रक्तदाब उतरतो आणि साखरही कमी होते. विन्क्रिस्टिनचा उपयोगी डोस आणि अपायकारक डोस यांत अंतर फार थोडे असते, म्हणून ते मिलिग्रॅममध्ये मोजून, फक्त शिरेतूनच देतात. कपभर रसात त्यातले किती उतरले, हे कोणालाही सांगता येणार नाही.

आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडाची गोष्टही अशीच आहे. त्यात कॅम्प्टोथेसिन सापडते आणि त्यापासून आयरिनोटेकानसारखी कर्करोगाची औषधे होतात; पण म्हणून नरक्याची साल उगाळून पिणाऱ्याला औषध मिळत नाही, विष मिळते. लक्ष्मणफळाचा गर अधूनमधून खायला हरकत नाही. पानांचा काढा मात्र दीर्घकाळ घेऊ नये. त्यातील ॲनोनासिन हे द्रव्य मेंदूतील मज्जापेशींना अपाय करते, आणि कॅरिबियन बेटांवर या झाडाची फळे व पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांमध्ये कंपवातासारखा विकार जास्त आढळला आहे.

डॉक्टर रागावतील, रागावू द्या. माझ्याकडे एका रुग्णाच्या यकृताचे अहवाल दर फेरीला बिघडत होते आणि आम्ही त्याचा दोष केमोथेरपीला देऊन तिचे प्रमाण कमी करत गेलो. काढ्याचा उलगडा चौथ्या फेरीनंतर झाला. मीही त्यांना आधी कधी नीट बसून विचारले नव्हते, आणि ती चूक माझी होती. पुढच्या भेटीत काढ्याची बाटली सोबत न्या आणि टेबलावर ठेवा. काकांनाही घेऊन जा. त्यांना भावासाठी काहीतरी करायचे आहे, आणि प्रत्येक फेरीला वडिलांना रुग्णालयात नेण्या-आणण्याचे काम त्यांच्यावर सोपवता येईल.

प्रश्न : केमोथेरपी चालू असताना मासे बंद करावेत, असे घरातले सांगतात. शीत आणि हुमण (भात आणि माशांची आमटी) नसेल तर मला जेवणच जात नाही.
– एक वाचक, काणकोण

उत्तर : मासे खा. या काळात शरीराला प्रथिनांची गरज वाढते आणि ताज्या, नीट शिजवलेल्या बांगड्याइतके सहज पचणारे प्रथिन आपल्याकडे दुसरे क्वचितच असेल. अर्धेकच्चे खुबे-तिसऱ्या, कालवे आणि बाहेरचे उघड्यावरचे पदार्थ मात्र टाळा. तोंड आले असेल तर तिखट आणि आंबट कमी करून पेजेसोबत उकडलेला मासा घ्या. पथ्याच्या नावाखाली वजन घटले, तर पुढची फेरी लांबते.

प्रश्न : वडिलांचा आजार हाडांत पसरला आहे. आता बरे करणारे उपचार नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांना मॉर्फिन सुचवले आहे, पण त्याची सवय लागते आणि माणूस लवकर जातो म्हणून आई देऊ देत नाही. रात्रभर ते कण्हत असतात. त्यांना फक्त अंगणात बसायचे असते, पण तेवढेही जमत नाही.
– एक मुलगी, फोंडा

उत्तर : आईंची भीती खूप घरांत असते आणि तिच्यापायी असंख्य रुग्ण विनाकारण वेदना सोसतात. योग्य प्रमाणात, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. वेदनेसाठी घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला व्यसन लागणे दुर्मीळ असते. शरीराला त्याची सवय होते, म्हणून ते एकदम तोडू नये, इतकेच. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ असते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ ठेवणारे औषध मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच सुरू करून घ्या. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळाप्रमाणे द्यायची असते. दुखणे चढल्यावर देत बसलात, तर औषध नेहमी दुखण्याच्या मागे राहील.

हाडातील दुखण्यासाठी रेडिएशनविषयीही विचारा. दुखऱ्या जागेवर दिलेली एकच मात्रा पुष्कळांना अनेक दिवसांच्या उपचाराइतकाच आराम देते, आणि त्यासाठी एकदाच जावे लागते. घरी निभावेनासे झाले, तर लोटली येथे, बरे न होणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा करणारे शांती आवेदना सदन आहे. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये मुंबईत देशातील पहिले असे शुश्रूषागृह सुरू केले, त्याचीच ही गोव्यातील शाखा. तेथे नेणे म्हणजे वडिलांना टाकून देणे नव्हे, हे आईंना तुम्हीच समजावू शकाल.

आईंना एकदा डॉक्टरांच्या समोर बसवा आणि त्यांची भीती त्यांच्याच तोंडून सांगू द्या. मग पहिली गोळी आईंच्या हातून द्या. ती दिल्याची वेळ वहीत लिहा, दर चार तासांनी दुखणे शून्य ते दहापैकी किती आहे ते वडिलांना विचारून शेजारी मांडा, आणि दोन दिवसांनी ती वही डॉक्टरांना दाखवा. पुढचे प्रमाण त्यावरूनच ठरते. हाडे ठिसूळ झाली असतील, म्हणून त्यांना हाताला धरून ओढू नका; दोघांनी दोन्ही बाजूंनी आधार देऊन, पाठ टेकेल अशा खुर्चीत बसवा. अंगणात नेण्यासाठी गोळी दिल्यानंतर तासाभराची वेळ चांगली.